मूळचं कोण? यॅरोची आणि तीन बागांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं... अं...' आणि मागे भुंकणारा शेजारचा कुत्रा काढून टाकलाय. बाकी जवळपास सगळं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे यॅरो. गुडघ्याएवढं वाढणारं रोप, पिसासारखी बारीक कातरलेली पानं, आणि वर छत्रीसारखा पसरलेला पांढऱ्या फुलांचा झुबका. पान चुरगळलं की कडवट, औषधी वास येतो. थंडीत वरचा भाग वाळला तरी जमिनीखालच्या मुळ्या जिवंत राहतात आणि पुन्हा फुटवे येतात, म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं. शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. 'मिलेफोलियम' म्हणजे हजार पानांचं.

आता इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे बागकाम कुठून आलं? तर मी राहतो कॅलिफोर्नियात, रेडवूड सिटीत, एका घराच्या मागच्या भागात भाड्याने. घरमालकीण काकू मूळच्या साताऱ्याच्या, चाळीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. घरापुढे लॉन होतं. उन्हाळ्यात त्याला इतकं पाणी लागायचं की मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, हे लॉन काढून टाकूया का?" काकू म्हणाल्या, "अरे काढ बाबा! पाण्याचं बिल बघितलंस का? पण पुढच्या दारात उघडी माती दिसता कामा नये हं." मग शोधाशोध केल्यावर कळलं की लॉनच्या जागी इथले लोक यॅरो लावतात. पाणी कमी लागतं, थोडं तुडवलेलं चालतं, वर्षातून तीन-चारदा कापलं की गालिच्यासारखं राहतं.

नर्सरीत गेलो. एका फळीवर यॅरोच्या कुंड्या होत्या. पांढरी, गुलाबी, आणि एक भडक विटकरी. तिन्हींवर एकच हिरवी चिठ्ठी: 'नेटिव्ह'. म्हणजे इथलं, मूळचं. विटकरी रंगाचं ते वाण युरोपात संकर करून तयार झालेलं आहे, हे घरी येऊन पाच मिनिटांत सापडलं. पांढऱ्याचं बी कुठलं, हे नर्सरीवाल्यालाच माहीत नव्हतं. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. 'मूळचं' हा शब्द नेमका कशाच्या जोरावर लावतात, हे बघायला बसलो आणि महिनाभर त्यातून बाहेर आलो नाही.

जुना इतिहास आधी पटकन उरकतो, कारण तो सगळीकडे सापडतो. स्पेनमध्ये एल सिद्रोन नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या निअँडरथल माणसांच्या दातांवरचं कीटण तपासून २०१२ मध्ये संशोधकांनी सांगितलं की, त्यात यॅरो आणि कॅमोमाईलसारख्या कडू वनस्पतींच्या खुणा आहेत. हे दात सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचे. पोट भरायला असली कडूजहर पानं कोण खाईल? तेव्हा औषध म्हणून खाल्ली असावीत, असा अंदाज.

मग अकिलीस. त्याच्याच नावावरून 'अकिलिया'. सगळीकडे लिहिलेलं असतं की ट्रॉयच्या युद्धात अकिलीसने सैनिकांच्या जखमांवर यॅरो लावलं. प्रत्यक्षात होमरच्या इलियडमध्ये या झाडाचं नावच नाही. अकराव्या सर्गात युरिपिलस मांडीत बाण घुसून जखमी होतो. तो पॅट्रोक्लसला म्हणतो की अकिलीसने तुला शिकवलेलं औषध लाव, आणि अकिलीसला ते कायरॉनने शिकवलेलं असतं. पॅट्रोक्लस बाण कापून काढतो, कोमट पाण्याने जखम धुतो, एक कडू मुळी हाताने चुरगळून लावतो आणि रक्त थांबतं. कडू मुळी, बस. कुठली ते सांगितलेलं नाही. अकिलीसच्या नावाची वनस्पती पुढे प्लिनीसारख्या रोमन लेखकांकडे येते, आणि १७५३ मध्ये लिनियसने त्या नावावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत हिमालयाच्या उतारांवर यॅरो आपोआप उगवतं, आणि युनानी हकीम त्याला 'बिरंजासिफ' म्हणतात. सह्याद्रीत ते नाही, त्यामुळे मराठीत त्याला घरगुती नाव नाही. मीही यॅरोच म्हणणार.

आता अमेरिका. लिनियसने नाव दिलं ते युरोपातल्या रोपाला. युरोपीय वसाहतवाले अमेरिकेत आले तेव्हा बियाण्यांत, गवतात, औषधाच्या पुडीत यॅरो घेऊन आले. त्यामुळे बरेच दिवस अनेकांचा समज होता की अमेरिकेतलं यॅरो म्हणजे गोऱ्यांबरोबर आलेलं तण. पण इथल्या मूळ रहिवाशांच्या औषधांची नोंद बघितली तर दुसरंच चित्र दिसतं. डॅनियल मोअरमन या अभ्यासकाने उत्तर अमेरिकेतल्या मूळ समाजांच्या वनस्पतीवापराची प्रचंड सूची केली. तिच्यातल्या औषधी वनस्पतींत यॅरो अगदी वरच्या रांगेत आहे. ताप, दातदुखी, जखमा, सर्दी, एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेले समाज तेच झाड वापरत होते. दोन-तीनशे वर्षांत रस्त्याकडेचं परकं तण इतक्या जणांच्या बटव्यात जाऊन बसेल हे पटत नाही.

मग दोन्ही खरं असू शकतं का? आधीचंही होतं आणि नंतरचंही आलं? इथे गुणसूत्रं मोजायला लागतात, आणि इथूनच गोष्ट खरी रंगते.

यॅरोच्या गुणसूत्रांचा मूळ संच ९ चा. काही यॅरोंमध्ये या संचाच्या चार प्रती असतात, म्हणजे ३६ गुणसूत्रं. काहींमध्ये सहा प्रती, म्हणजे ५४. सोपं उदाहरण देतो, आपल्याच स्वयंपाकघरातलं. खीर, लापशी, शेवयांना लागणारा खपली गहू चार संचांचा असतो आणि रोजच्या पोळीचा गहू सहा संचांचा. दिसायला दोन्ही गहूच. युरोपातलं नेहमीचं यॅरो सहा संचांचं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचं आणि मधल्या सपाट खोऱ्यातलं यॅरोही सहाचं. पण तिथून पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वत चढायला लागलं की चार संचांचं यॅरो लागतं. नुसतं बघून ओळखणं जवळजवळ अशक्य. पांढरं फूल, पिसासारखं पान, सगळं तेच.

हे कोणी शोधलं? माझ्या घरापासून सायकलने जाता येईल अशा ठिकाणी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात कार्नेगी संस्थेची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा होती. १९२० च्या दशकात तिथे हार्वी मनरो हॉल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे एक सहकारी फ्रेडरिक क्लेमेंट्स, त्या काळातलं परिस्थितिकीतलं फार मोठं नाव. क्लेमेंट्स यांचं म्हणणं असं की, डोंगरावरचं रोप खाली आणून लावलं आणि पुरेसा वेळ दिला तर ते खालच्या जातीचं होतं. म्हणजे परिस्थिती नुसती रूप बदलत नाही, जातच बदलते. आपण असं रूपांतर घडवून दाखवलंय, असा त्यांचा दावा होता. हॉल यांनी स्वतः रोपं इकडून तिकडे लावून बघितली. रोप बुटकं होई, पानं आखडत, पण जात काही बदलेना. दोघांनी १९२३ मध्ये एकत्र पुस्तकही लिहिलं होतं, पुढे मात्र मतं जुळली नाहीत.

१९३२ मध्ये हॉल वारले. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कहून येन्स क्लाउसेन रुजू झाले होते. शेतकरी घरातला माणूस, जन्म १८९१ चा, कोपनहेगन विद्यापीठाची डॉक्टरेट. त्यांच्या जोडीला डेव्हिड केक आणि विल्यम हीसी. क्लाउसेन गुणसूत्रांचे जाणकार, केक वर्गीकरणाचे, हीसी वनस्पतींच्या शरीरक्रियेचे. माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर एक बॅकएंडवाला, एक डेटाबेसवाला आणि एक रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळणारा. तिघांनी मिळून काम केलं आणि तिघांच्या नावांनी छापलं. पाठ्यपुस्तकांत आजही ते 'क्लाउसेन, केक आणि हीसी' असं एका दमात येतं, एखाद्या वकिलांच्या फर्मसारखं.

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण त्याची रचना मला अतिशय आवडलेली आहे. ३८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास पॅसिफिक किनाऱ्यापासून सिएरा नेवाडा ओलांडून पलीकडच्या कोरड्या प्रदेशापर्यंत एक आडवी रेघ मारली. रेघ साधारण दोनशे मैलांची. या रेघेवर तीन बागा. पहिली स्टॅनफर्डला, समुद्रसपाटीपासून ३० मीटर. दुसरी मेथरला, योसेमिटीच्या हद्दीजवळ, १,४०० मीटर. तिसरी टिंबरलाइनला, टायोगा खिंडीच्या बाजूला, ३,०५० मीटर. नावाप्रमाणे झाडांची रांग जिथे संपते तिथे. स्टॅनफर्डला हिवाळाही सौम्य, वर्षभर काही ना काही हिरवं. टिंबरलाइनला वर्षातला बहुतेक काळ बर्फ आणि वाढीला मिळणार जेमतेम दोनेक महिने.

मग रेघेवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून रोपं आणि बिया गोळा केल्या. किनाऱ्यावरचं सॅन ग्रेगोरिओ, पायथ्याचं नाइट्स फेरी, मग मेथर, टेनाया तलाव, टुओलमी मेडोज, आणि सगळ्यात उंचावरचा बिग हॉर्न तलाव, पलीकडे उतरून ली वायनिंग. यॅरोची गंमत ही की ते गड्ड्याने वाढतं. एका रोपाचे तीन तुकडे करून तीन बागांत लावता येतात. म्हणजे तिन्हीकडे तंतोतंत तेच रोप, जनुकं तीच, बदलली फक्त जागा. आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य रोज ऐकू येतं. त्यावर उपाय एकच: तोच कोड, अक्षरही न बदलता, वेगवेगळ्या मशीनवर चालवून बघायचा. या तिघांनी हे संगणक नसताना मातीत केलं, आणि एकेक चाचणी पुरी व्हायला त्यांना वर्षं लागायची.

शिवाय उलटी चाचणीही केली. सगळ्या ठिकाणांचं बी स्टॅनफर्डच्या एकाच बागेत शेजारीशेजारी पेरलं. परिस्थितीच सगळं ठरवत असेल तर एका वाफ्यात सगळी रोपं सारखी व्हायला हवीत. तशी ती झाली नाहीत. सपाट खोऱ्यातल्या बियांची रोपं सगळ्यात उंच झाली. डोंगर जसजसा चढत जावा तसतशी त्या त्या ठिकाणच्या बियांची रोपं बुटकी होत गेली, आणि बिग हॉर्न तलावाचं वीतभर. सगळ्यांना माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. पर्वताचा उतार जणू त्या वाफ्यात उतरला होता. हा आलेख जीवशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत आहे. खाली सिएरा नेवाडाचा छेद, वर त्या त्या ठिकाणच्या रोपाचं चित्र. मला एका अर्थाने तो नकाशाच वाटतो.

उंचीपुरतंच हे नव्हतं. किनाऱ्यावरची रोपं हिवाळ्यातही वाढत राहायची. डोंगरमाथ्यावरची रोपं स्टॅनफर्डच्या सौम्य थंडीतसुद्धा झोपून जायची. अरे, इथे बर्फ नाहीये, ऊठ की! पण नाही. त्यांच्या अंगात कॅलेंडर भिनलेलं. आणि किनाऱ्यावरचं रोप टिंबरलाइनला नेलं की ते आपल्या सवयीने सावकाश वाढायचं. फुलून बी धरेपर्यंत बर्फ हजर. बरीचशी तिथे तगलीच नाहीत.

म्हणजे क्लेमेंट्स चुकले होते. रोपाला कुठेही न्या, ते जमेल तेवढं जुळवून घेतं, पण त्याचा पिंड बदलत नाही. एकाच जातीत प्रत्येक हवामानाला घडलेले वेगवेगळे वंश असतात. स्वीडनच्या गोटे टुरेसन यांनी १९२२ मध्ये याला 'इकोटाइप' हे नाव दिलं होतं. क्लाउसेन यांच्या गटाने ते इतक्या तपशिलात दाखवलं की पुढे वाद घालायला फारशी जागा उरली नाही. यॅरोवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला.

या सालाजवळ थोडं थांबू या. १९४८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस मॉस्कोत सोव्हिएत कृषी अकादमीचं अधिवेशन भरलं. ट्रोफिम लायसेंकोने तिथे जाहीर केलं की जनुकशास्त्र हे बूर्ज्वा थोतांड आहे, परिस्थिती बदलली की वनस्पतीचा स्वभाव बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, आणि या मताला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता आहे. वादविवाद तिथेच संपला. जनुकशास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, प्रयोगशाळा बंद पडल्या. जगभर फिरून पिकांची बियाणी गोळा करणारे निकोलाय वाविलोव त्याआधीच, १९४३ च्या जानेवारीत, सारातोवच्या तुरुंगात मेले होते. ज्या माणसाने दुष्काळाविरुद्ध बियाण्यांचा एवढा मोठा साठा उभा केला, तो कुपोषणाने मेला. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: बदलतं काय, रोपाचं रूप की रोपाचा पिंड? एका ठिकाणी उत्तर तीन बागांत वर्षानुवर्षं मोजमाप करून काढलं. दुसऱ्या ठिकाणी ते भाषणात जाहीर झालं आणि त्याची किंमत शेतांनी आणि माणसांनी मोजली.

पण थांबा. यावरून 'सगळं जनुकांतच असतं' असा निष्कर्ष काढलात तर तोही याच बागांमध्ये टिकत नाही. यॅरोच्या सात रोपांचे तुकडे तीन उंचींवर लावले तेव्हाचा एक तक्ता प्रसिद्ध आहे. एक रोप खाली सगळ्यांत उंच झालं, वर टिंबरलाइनलाही पुढे राहिलं, पण मधल्या मेथरच्या बागेत मागे पडलं. दुसरं एक खाली अगदी सामान्य, तर वर जाऊन चमकलं. म्हणजे 'चांगलं रोप' असं सुटं काही सांगताच येत नाही. कुठे, हे विचारावं लागतं. रिचर्ड लेवॉन्टिन हे जनुकशास्त्रज्ञ पुढे हाच तक्ता दाखवून सांगत की एका ठिकाणच्या आकड्यांवरून दुसऱ्या ठिकाणचं भाकीत करू नका. त्यांचा रोख माणसांच्या बुद्ध्यांकावरच्या वादाकडेही होता. मला बीटेकला असताना हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, तिथे एका परीक्षेच्या रँकवरून माणसाचं भाकीत करायची पद्धत होती.

आता परत मूळच्या प्रश्नाकडे. अमेरिकेतलं यॅरो इथलं की बाहेरचं? २००८ मध्ये जस्टिन रॅमझी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. डीएनएवरून असं दिसतं की उत्तर अमेरिकेतली रानटी यॅरो, चार संचांची आणि सहा संचांचीही, एकाच घराण्यातली आहेत. त्यांचे पूर्वज हिमयुगाच्या काळात आशियातून बेरिंगच्या भूपट्टीवरून इकडे आले आणि इथे पसरताना किनारा, खोरं, पर्वत अशा प्रत्येक जागेनुसार झपाट्याने वेगवेगळे होत गेले. म्हणजे किनाऱ्यावरचं सहा संचांचं यॅरो युरोपातून आलेलं नाही. संचांची संख्या सारखी असली तरी ते इथल्याच चार संचांच्या यॅरोपासून झालेलं.

आणि २०११ मध्ये रॅमझी यांनी याच्यापुढचा प्रयोग केला. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत चार संचांची आणि सहा संचांची रोपं लावली. सहावाली पाचपट जास्त जगली. मग त्यांनी चारवाल्यांच्या संततीतून आपोआप सहा संच झालेली, म्हणजे अगदी पहिल्या पिढीतली, रोपं शोधून तीही लावली. ती चारवाल्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त जगली. नुसत्या प्रती वाढल्याने एका पिढीत एवढा फरक, उरलेला नंतरच्या पिढ्यांच्या निवडीतून आलेला. क्लाउसेन यांनी ज्या रेघेवर संच मोजले, तिथला 'का' साठ वर्षांनी असा उलगडत होता.

तर नर्सरीतल्या चिठ्ठीचं काय? माझं मत स्पष्ट सांगतो. 'नेटिव्ह' एवढाच शब्द यॅरोच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. युरोपातल्या बियांचं यॅरो आणि सॅन ग्रेगोरिओचं यॅरो, दोघांवर अकिलिया मिलेफोलियम हेच नाव छापलेलं असतं, आणि ते नाव चुकीचंही नाही. विचारायचं असतं ते एवढंच की बी कुठून गोळा केलं. इथल्या चांगल्या स्थानिक नर्सऱ्या ते लिहितात. उदाहरणार्थ 'आयलंड पिंक' हे गुलाबी वाण सांता क्रूझ बेटावरच्या रोपांतून निवडलेलं. रानात पुनर्लागवड करणाऱ्यांसाठी तर हा जीवनमरणाचा मुद्दा आहे. वणव्यानंतर डोंगरउतारावर किनाऱ्याचं बी फेकलं तर टिंबरलाइनला जे झालं तेच होणार: रोप हिरवंगार वाढेल आणि बी धरायच्या आत थंडीत सापडेल. वरून आता हवामानच सरकतंय. त्यामुळे काही जण विचारतात की उद्याच्या हवेसाठी आजच थोडं खालच्या उंचीवरचं बी वापरावं का. यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि ज्या तीन बागांचे आकडे आहेत ते विसाव्या शतकातल्या हवेचे आहेत.

एक मात्र आहे. झेंडूशिवाय दसरा होत नाही, आणि झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सूर्यफुलाच्या कुळातला, म्हणजे यॅरोचा चुलतभाऊ. त्याला कोणी परका म्हणणार नाही. त्याच कुळातलं, त्याच खंडातून आलेलं गाजरगवत मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर रस्त्याकडेला आहे. आईला व्हिडिओ कॉलवर माझा वाफा दाखवला तेव्हा ती ओरडलीच, "अरे, हे गाजरगवत कशाला वाढवलंयस? उपट आधी! अंगाला खाज सुटेल!" पान कातरलेलं, फूल पांढरं, तिची शंका रास्तच होती. आणि खाजेच्या बाबतीत ती अगदीच चुकीची नाही. या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांना यॅरोनेही त्वचेवर पुरळ येऊ शकतं. त्यामुळे हातमोजे घाला. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांना ते खाऊ देऊ नका, त्यांना बाधतं.

माझ्या व्हिसाच्या कागदांवर माझ्यासाठी कायद्याचा शब्द आहे 'एलियन'. पुढच्या अंगणात 'नेटिव्ह' रोपं लावणारा एलियन, यावर ऑफिसात माझ्या नावाने विनोद चालतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण सोयीच्या ठिकाणी मूळचे आणि परके ठरवणारी माणसं झाडांवर बोलता बोलता कधी माणसांवर येतात, हे मी मीटिंगमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर दोन्हीकडे ऐकलंय. बेरिंग ओलांडून आलेल्या यॅरोला 'इथलं' व्हायला किती वर्षं लागली, असं कोणी विचारलं की मी रॅमझी यांचा पेपर पाठवून देतो.

ज्यांना लावायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. बी फार बारीक असतं. मातीखाली गाडू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. वरून भुरभुरवून हाताने दाबायचं आणि पहिले काही आठवडे माती ओलसर ठेवायची. इथे मी ते पावसाळा सुरू होताना, म्हणजे नोव्हेंबरात पेरलं. खत जास्त दिलं की देठ लांब होऊन लोळतात, तेव्हा गरीब मातीच बरी. पाण्याचा निचरा मात्र हवाच. दोन-तीन वर्षांनी गड्डा मधून विरळ होतो. तेव्हा तो खणून तुकडे करायचे आणि परत लावायचे, अगदी क्लाउसेन यांच्यासारखं. आणि ते पसरतं. खुरपं हाताशी ठेवा. पुण्या-मुंबईतल्या श्रोत्यांना सांगतो, तिथल्या दमट उन्हाळ्या-पावसाळ्यात याच्या नादी लागू नका.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं आणि वाफा हिरवा राहिला. रेडवूड सिटीच्या नळाला पाणी येतं हेच हेची धरणातून. एक सुंदर दरी बुडवून ते १९२३ मध्ये बांधलं, जॉन म्यूर यांनी आयुष्याच्या शेवटी त्याविरुद्ध लढा दिला आणि हरले. तो स्वतंत्र भागाचा विषय आहे. पण नकाशा उघडून बघा: ते धरण मेथरच्या बागेपासून अगदी थोड्या अंतरावर आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्यपाल जेरी ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा आदेश काढला आणि ५ कोटी चौरस फूट लॉन काढून टाकायचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा मी भारतात कॉलेजात होतो. इथल्या अंगणांची शक्ल बदलायला लागली ती साधारण तेव्हापासून.

गेल्या जुलैमध्ये गाडी काढून त्या रेघेवरून गेलो. सकाळी सॅन ग्रेगोरिओच्या समुद्रावर, दुसऱ्या दिवशी टुओलमी मेडोजला. किनाऱ्यावर वाऱ्यात उभं दाट, लोकरी पानांचं यॅरो. वर, पायवाटेच्या कडेला, बोटभर उंचीचं, तीन-चार फुलांचे झुबके धरून. राष्ट्रीय उद्यानातून बी घ्यायला बंदी आहे, त्यामुळे नुसते फोटो काढले. काकूंना फोटो दाखवले तर म्हणाल्या, "हे वरचं किती गोड आहे रे, हे का नाही लावलंस?" मी म्हटलं, "काकू, ते इथे हिवाळाभर झोपून राहील." "मग राहू दे झोपून," काकू म्हणाल्या, "पाणी तर लागणार नाही ना?"

याचं उत्तर अजून द्यायचंय. सिएराच्या उंचावरचं, कायदेशीर मार्गाने गोळा केलेलं बी एका नर्सरीत मिळतं असं कळलंय. नोव्हेंबरात काकूंच्या दाराशी दोन वाफे शेजारीशेजारी करणार आहे, एक किनाऱ्याचा, एक डोंगराचा. मापं घेऊन पुढच्या वर्षी सांगतो. तोवर हेच हेचीच्या भागासाठी वाचन चालू आहे. भेटू पुढच्या भागात.